हात धरू नका, हाताशी राहा

माझ्या धाकट्या जावेच्या हातून पहिल्यांदा चहाचा कप सांडला, तेव्हा कुणीच मनावर घेतलं नाही. भरल्या घरात एखादा कप सांडायचाच. पण मग बशीत कप ठेवताना तो खणखण वाजायला लागला. पोळी लाटताना लाटणं भलतीकडेच जायचं. सुईत दोरा ओवणं, ब्लाउजचे हूक लावणं असल्या साध्या गोष्टींना दहा-दहा मिनिटं लागायची. जिना उतरताना ती भिंतीचा आधार घ्यायला लागली. सासूबाई म्हणायच्या, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" ती बिचारी गप्प. खरं सांगते, मीही मनातल्या मनात तिला वेंधळीच म्हणत होते.

एका लग्नात मांडवातून चालताना तिची झोकांडी गेली. मागं बसलेल्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्या हसण्याचा अर्थ तिला कळला आणि मलाही. त्या दिवसापासून ती कुठल्या कार्याला येईना.

शेवटी दीर तिला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा एमआरआय झाला. निदान निघालं ते 'अटॅक्सिया'चं, म्हणजे शरीराच्या हालचालींमधला ताळमेळ सुटण्याचं. तिच्या बाबतीत त्याचं कारण लहान मेंदूच्या पेशी हळूहळू झिजणं हे होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "हे बरं करणारं औषध नाही. पण व्यायाम आहे, आणि तो घरच्या घरी रोज करायचा आहे."

'व्यायाम' म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जिला नीट उभं राहता येत नाही, तिनं व्यायाम कसला करायचा?

हा वेंधळेपणा नव्हे

आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. वजनानं तो सगळ्या मेंदूच्या सुमारे एक दशांश, पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी त्याच्यात असतात. त्याचं काम समजायला लग्नघरातली एखादी जाणती आत्या डोळ्यांपुढं आणावी. ती स्वतः पंगतीत वाढत नाही, पण कुणी कधी वाढायचं, किती वाढायचं, कुठं थांबायचं हे सगळं तिच्या नजरेखाली चालतं. ती नसली तर वाढपी असतात, जेवणही असतं, पण कोशिंबिरीवर आमटी पडते. लहान मेंदूचं तसंच आहे. तो बिघडला तर हातापायांतली ताकद शाबूत असते, पण हात कुठं थांबवायचा, पाऊल किती टाकायचं याचा अंदाज चुकतो. बोलणंही जड होतं, शब्द अडखळतात.

म्हणूनच अशा पुरुषाला लोक 'पिऊन आलाय' म्हणतात आणि अशा बाईला 'धांदरट' म्हणतात. दोन्ही शेरे सारखेच अन्यायाचे. लक्ष देऊन हा दोष जात नाही. उलट कुणी टोकलं की हात जास्तच चुकतो.

आमची माया आणि आमची चूक

निदान कळल्यावर आम्हा सगळ्यांना पश्चात्ताप झाला, आणि मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. तिच्या हातचं सगळं काम काढून घेतलं. पोळ्या मी करायचे, भाजी सासूबाई चिरायच्या. तिला न्हाणीघरापर्यंत नेताना एक जण दंडाला धरायचं. पाण्याचा पेलासुद्धा आम्हीच तोंडाशी धरायचो. तिला फुलासारखं जपतोय, असं आम्हाला वाटत होतं.

सहा महिन्यांत ती जास्तच खालावली. आधी भिंतीला धरून का होईना चालायची, आता उठायलाच घाबरायची. एका दुपारी मी भाजी निवडत होते, तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, मला काहीतरी काम द्या हो. मी नुसती ठेवलेली वस्तू झालेय."

त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी आली. वय जेमतेम पंचविशीचं, पण बोलणं ठाम. तिनं जावेला उभं केलं. मी सवयीनं दंड धरायला पुढं झाले. ती म्हणाली, "काकू, हात सोडा. तुम्ही धरलंत की तोल तुम्ही सांभाळता, त्या नाही. पण लांब जाऊ नका, हाताशी राहा."

या एका वाक्यात या व्यायामांचं सगळं मर्म आलं. तोल सांभाळण्याचा अभ्यास तोल थोडा डळमळल्याशिवाय होत नाही.

हे मनाचं नाही, पाहिलेलं आहे

असे व्यायाम काही आजचे नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या हायडन या गावी फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते. सुमारे १८८७ सालची गोष्ट. तोल आणि अंदाज गेलेल्या एका रोग्याला त्यांनी बोट नाकाच्या शेंड्याला लावायला सांगितलं. त्याला ते जमेना. आपण परीक्षेत नापास झालो, हे त्या रोग्याच्या मनाला लागलं. त्यानं घरी त्याचा सराव केला, आणि काही महिन्यांनी परत आला तेव्हा बोट बरंचसं नेमकं लागत होतं. रोग तोच होता, बदल झाला होता तो सरावानं. त्यावरून फ्रेंकेल यांनी जी व्यायामपद्धती बसवली, ती आजही जगभर शिकवतात.

अलीकडे याची रीतसर तपासणीही झाली आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २००९ साली अशा १६ रोग्यांचं काम प्रसिद्ध केलं. चार आठवड्यांच्या शिक्षणानंतर त्यांचं चालणं आणि तोल सुधारला. वर्षभरानंतर पाहिलं तेव्हा आजार पुढं सरकला होता, तरी रोजच्या जगण्यातला फायदा टिकून होता. ज्यांनी घरी व्यायाम चालू ठेवला होता, त्यांचं जास्त बरं होतं.

आपल्या कामाची खरी गोष्ट अमेरिकेतल्या बाल्टिमोरची आहे. तिथं १४ रोग्यांना सहा आठवडे फक्त घरी करायचे तोलाचे व्यायाम दिले. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यांची चाल सुधारली, पण सगळ्यांची सारखी नाही. ज्यांनी आपल्याला कठीण जातील असे व्यायाम केले, त्यांना जास्त गुण आला. सहज जमतं तेच करत बसलं, तर गुण कमी. आमच्या घरात नेमकं हेच चुकलं होतं. आम्ही तिच्यापुढचं कठीण ते सगळं उचलून घेतलं होतं.

आधी डॉक्टर, मग व्यायाम

मैत्रिणींनो, कुणाचा तोल जातोय म्हणून हा लेख वाचून थेट व्यायामाला लागू नका. काही कारणं औषधानं बरी होण्यासारखी असतात. थायरॉइडची कमतरता, बी-१२ किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता, दारू, यांनीही असं होतं. बी-१२ची कमतरता शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते. फिट येऊ नये म्हणून देतात त्या फेनिटॉइन या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलं, तरी तोल जातो. मात्र ते औषध आपल्या मनानं कधीही बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. कानाच्या दोषानं येणारी भोवळ ही आणखी निराळी.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तोल अचानक गेला, बोलणं एकाएकी जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूची ताकद गेली, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अशा वेळी डोक्याला तेल चोळत बसू नका, दृष्ट काढत बसू नका. तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

रोजचा पाठ

फिजिओथेरपिस्टनं आम्हाला लिहून दिलेला पाठ असा होता. प्रत्येक रोग्याला तो तसाच लागू पडेल असं नाही, पण त्याची कल्पना यावी म्हणून देते.

पलंगावर निजून: डोक्याखाली दोन-तीन उशा घ्यायच्या, म्हणजे आपले पाय आपल्याला दिसतात. टाच गादीवरून न उचलता सरकवत गुडघा वाकवायचा, पुन्हा सरळ करायचा. मग पाय बाजूला न्यायचा, परत आणायचा. हे जमलं की एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर नेमकी टेकवायची आणि नडगीवरून हळूहळू घोट्यापर्यंत आणायची. मध्येच कुणीतरी 'थांब' म्हणायचं, तिथं पाय थांबला पाहिजे.

खुर्चीवर बसून: जमिनीवर खडूनं दोन फुल्या काढायच्या. पाऊल उचलून या फुलीवरून त्या फुलीवर ठेवायचं. मग हाताचा आधार न घेता उभं राहायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसायचं नाही.

उभं राहून: खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही भिंती पाठीशी आणि समोर जड खुर्ची. आधी पाय फाकवून उभं राहायचं, मग जवळ आणून, मग एक पाऊल दुसऱ्याच्या किंचित पुढं ठेवून. हे साधलं की हात वर-खाली करायचे, मान वळवायची. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे डोळे मिटून उभं राहणं. ती मात्र शिकवणाऱ्यानं सांगितल्याशिवाय करायची नाही.

चालणं: ओट्याच्या कडेकडेनं आडवं चालायचं, गरज पडली तर धरायला ओटा आहेच. मग जमिनीवर खडूनं पावलं काढून त्यांवर नेमके पाय टाकत जायचं. आम्ही ती पावलं काढत होतो तेव्हा जाऊ कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "गौरी आणताय का मला?"

हातांसाठी: अरुंद तोंडाच्या बरणीत एकेक हरभरा टाकायचा. वाटीवर वाटी रचायची. वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायचे. शेंगा सोलायच्या, तांदूळ निवडायचे. हे व्यायामही आहेत आणि घरातली कामंही आहेत.

या सगळ्याला तीन नियम. पहिला, मोठ्यानं आकडे मोजत आणि सावकाश करायचं. भरभर करणं सोपं असतं, सावकाश करणं कठीण, आणि आपल्याला तेच हवंय. दुसरा, एक प्रकार चारदा करायचा आणि विसावा घ्यायचा. हा ताकदीचा व्यायाम नाही, नेमकेपणाचा आहे. दमलेल्या शरीराचा नेम चुकतो. तिसरा, एखादी पायरी सहज जमायला लागली की तिथं रेंगाळायचं नाही, शिकवणाऱ्याला विचारून पुढची घ्यायची. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं पुरे, पण रोज. दिवाळी असो की पाहुणे असोत.

पडू नये म्हणून

'कठीण करा' याचा अर्थ 'पडू द्या' असा नव्हे. व्यायामाच्या वेळी एक माणूस हातभर अंतरावर उभं हवंच. त्या माणसानं बोलत बसू नये, मोबाइल बघू नये. फरशी पुसल्यावर पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबावं. पायपुसणी, सतरंज्या, लोंबत्या वायरी वाटेतून काढाव्यात. साडी नेसायची तर घोट्याच्या वर आणि पदर खोचलेला. त्यापेक्षा सलवार-कमीज बरा. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग त्यांनीच दोन ड्रेस शिवून आणले. घरात सपाता नकोत, मागं पट्टा असलेली पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट हवेत. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी, बसायला स्टूल आणि रात्री जाण्या-येण्याच्या वाटेवर दिवा. अंधारात डोळ्यांचा आधार जातो आणि तोल अधिक बिघडतो.

स्वयंपाकघर परत मिळालं

फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढू नका, स्वयंपाकघर यांच्यासाठी बदला." मग आम्ही बदललं. उभ्यानं लाटणं बंद, टेबलाशी बसून लाटायचं, पोळपाटाखाली ओलं फडकं घालून, म्हणजे तो सरकत नाही. कोपरं टेबलावर टेकवली किंवा अंगाशी घट्ट धरली की हाताचा भरकटणं कमी होतं. हे तिला फार उपयोगी पडलं. चहा कपबशीतून नाही, रुंद बुडाच्या मगात आणि अर्धाच भरून. कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवलेला. तळण आणि उकळतं पाणी मात्र तिच्याकडे द्यायचं नाही, हे तिनंही मान्य केलं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, कारण गिळण्याच्या स्नायूंचाही ताळमेळ बिघडू शकतो.

तिच्या पोळ्या गोल होत नाहीत. पहिल्या दिवशी माझ्या मुलानं, "काकू, हा कुठल्या देशाचा नकाशा?" असं विचारलं. मी डोळे वटारले, पण तीच म्हणाली, "ज्या देशात जायचंय तो." आणि पोळी त्याच्या ताटात वाढली.

बोलायला हव्यात अशा गोष्टी

या आजाराचे काही प्रकार आनुवंशिक असतात, काही नसतात. आनुवंशिक निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, "कुणाकडून आला?" आणि बोट बाईच्या माहेराकडे जातं. त्यानं काय साधतं? आजार आई-वडील कुणाकडूनही येतो आणि त्यात कुणाचा दोष नसतो. मुलांच्या लग्नाच्या वेळी लपवाछपवी करण्यापेक्षा जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलावं. काही प्रकारांवर औषधंही शोधली जात आहेत. फ्रिड्रिकचा अटॅक्सिया या प्रकारावरच्या एका औषधाला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून आपला प्रकार कोणता हे कळून घेण्याला महत्त्व आहे.

दिव्यांग हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, आणि त्यांत जुनाट चेतासंस्थेच्या आजारांचाही समावेश आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी करून दाखला काढता येतो. 'आमच्या घरात अपंग कुणी नाही' असं म्हणून पुष्कळ घरं तो काढतच नाहीत. त्यात कमीपणा कसला? व्यायाम शिकवणारं माणूस परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग आहे का ते विचारावं. मुंबईत हाजीअलीला अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था १९५५ सालापासून आहे. महिन्या-दोन महिन्यांनी दाखवून पाठ बदलून घ्यावा, रोजचा सराव घरी करावा.

आणि रोज हाताशी उभ्या राहणाऱ्या बाईबद्दलही दोन शब्द. हे काम कंटाळवाणं आहे. मलाही कंटाळा आला, मीही चिडले. म्हणून आम्ही वार वाटून घेतले. मंगळवार, शुक्रवार माझे, रविवार दिरांचा, संध्याकाळचे आकडे मोजायचं काम मुलांचं. एकटीनं अंगावर घेतलेलं काम महिनाभर चालतं, वाटून घेतलेलं वर्षानुवर्षं चालतं.

या वर्षी गौरी आल्या तेव्हा

माझी जाऊ बरी झाली, असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. आजार आहे, आणि तो हळूहळू पुढं जाणार, हे तिला ठाऊक आहे. बोलणं पूर्वीपेक्षा जड झालंय. बाहेर जाताना ती काठी घेते. पण न्हाणीघरात ती एकटी जाते, पोळ्या करते, आणि दीड वर्षात एकदाही पडलेली नाही.

या वर्षी गौरींच्या आवाहनाला दारापासून देवघरापर्यंत पावलं तिनं काढली, खाली बसून, कोपर गुडघ्याला टेकवून. थोडी वाकडी झाली. मुखवटे माझ्या आणि सासूबाईंच्या हातात होते. ते तिच्या हाती देण्याचा धोका आम्ही घेतला नाही, आणि तिनंही मागितले नाहीत. पण आमच्या मागून ती त्या पावलांवरून चालत आली, तोंडानं आकडे पुटपुटत. दीर तिच्या बाजूनं चालत होते, हातभर अंतरावर. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.